पाणलोटाचा पैसा कुठे घालायचा हे गावाने ठरवावं का? आणि लोकवाटा कोणाचा धरायचा?

पांझराकाठ

साक्री तालुक्यातल्या आमच्या गावात पाणलोटाच्या कामांचा आराखडा करायला ग्रामसभा भरली होती. दोन तास नाल्यावरच्या सिमेंट बंधाऱ्यांवर बोलणं झालं. निम्म्या गावाची गुरं ज्या गायरानावर चरतात त्याचं नाव एकदाच निघालं. "तिथे पाणी अडवायला उतारावर सलग समतल चर खोदू आणि तीन पावसाळे चराईबंदी करू." एका ओळीत विषय संपला.

लोकवाट्याचा, म्हणजे कामाच्या खर्चातला लोकांनी भरायच्या वाट्याचा, नियम पाणलोट प्रकल्पांच्या 2008 च्या सामाईक मार्गदर्शक सूचनांत होता. खासगी जमिनीवर बांधबंदिस्ती, चर अशी कामं झाली तर शेतकऱ्याने किमान 10 टक्के भरायचे, अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. फळबागेसारख्या खर्चिक कामांना तोच वाटा 40 आणि 20 टक्के. ही रक्कम पाणलोट विकास निधीत जमा व्हायची आणि प्रकल्प संपल्यावर सामाईक कामांच्या दुरुस्तीला वापरायची. नियम चांगलाच होता. पण ज्याच्या दोन म्हशी गायरानावर जगतात, त्याने तीन वर्षं चारा विकत घ्यायचा, तो खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा? माझ्या मते तोही लोकवाटाच आहे, आणि कदाचित सगळ्यांत मोठा.

म्हणून माझं म्हणणं असं: आराखडा गावानेच करावा, गायरानाचे पैसे आधी बाजूला काढावेत, आणि बंदीच्या काळातल्या चाऱ्याची सोय त्यातच धरावी.

गिरणा_मळा

भाऊ, भावना कळते, पण "गावाने ठरवावं" याला माझा ठाम विरोध आहे. मी चाळीसगाव भागातला. आमच्याकडे एका जुन्या प्रकल्पात बांध झाले बागायतदारांच्या शेतात आणि त्यांचा 10 टक्के वाटा कापला गेला मजुरांच्या मजुरीतून. कागदावर लोकसहभाग शंभर टक्के. माझी आई त्या मजुरांत होती. तिला आजही कोणी "लोकवर्गणी" म्हटलं की राग येतो.

ग्रामसभेत ज्याचा आवाज मोठा त्याच्याच बांधावर बंधारा येतो. त्यापेक्षा माथा ते पायथा, म्हणजे डोंगराच्या वरून कामं करत खाली यायचं, हे तांत्रिक सूत्र सरकारने वरून लावा. शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल केले, ओळीने बंधारे बांधले, ते खडक वाचून. हात वर करून मतं मोजून नाही.

पांझराकाठ

तुमच्या आईंचं झालं तो अन्याय होता, त्यावर वाद नाही. पण खडकाचंच म्हणता तर ऐका. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात काळ्या दगडाच्या डाईक पूर्व-पश्चिम गेल्यात. जमिनीखालची भिंतच ती. तिच्या वरच्या अंगाला विहीर असली की उन्हाळ्यातही पाणी टिकतं, पलीकडे चाळीस पावलांवर कोरडी. आमच्या शिवारात ही भिंत नेमकी कुठे फुटलीय, हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. खडक वाचणारा माणूस हवाच, पण त्याने आधी त्यांना विचारायला हवं.

आणि गावाला हिशेब जमत नाही असं म्हणू नका. पांझरा नदीचं पाणी मिळून वाटून घ्यायची जुनी फड पद्धत कशी चालली? कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या पट्ट्यात, यंदा कोणतं पीक हे शेतकरी मिळून ठरवत, पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी, आणि पाट दुरुस्तीचा खर्च जमिनीच्या प्रमाणात वाटला जाई. टक्केवारी आपल्याला नवी नाही.

रावेर_केळी

फड पद्धतीत जमीन असणाऱ्यालाच पाणी होतं आणि वाटाही त्याचाच होता, म्हणून ती टिकली. तोच न्याय लावा. आमच्या भागात ठिबक पसरलं ते अनुदान आणि शेतकऱ्याचा खिसा दोन्ही लागले म्हणून. स्वतःचे पैसे गेले की माणूस फिल्टर धुतो, नळी गुंडाळून ठेवतो. गायरान सगळ्यांचं, म्हणजे राखायला कोणी नाही. दोन वर्षांत चर बुजतात. मर्यादित पैसा तिथे ओतणं मला पटत नाही.

सातपुडा_पायथा

राखायला कोणी नाही? बारीपाडा तुमच्याच खान्देशात आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी 400 हेक्टरांहून जास्त जंगल राखलं, तोडणाऱ्याला दंड लावला. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धुळे तालुक्यात लामकानीच्या डोंगरावर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी झाली, श्रमदानाने चर खोदले आणि गवत परत आलं. दोन्हीकडे नियम गावाने केले होते, वरून आले नव्हते. वरून आलेली चराईबंदी रात्री मोडली जाते, हे आमच्याकडे डोळ्यांनी पाहिलंय.

मेंढपाळाचा_मुलगा

मी मेंढ्या पाळणाऱ्या ठेलारी समाजातला. इतका वेळ वाचत होतो.

लामकानी, बारीपाडा यांचा मला आदर आहे. पण गाव ठरवतं म्हणजे कोण ठरवतं? आमची माणसं दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडतात, पावसाच्या तोंडावर परततात. आराखड्याच्या सभा हिवाळ्यात होतात. माझा चुलता एका वर्षी परतला तर ज्या डोंगरावर तीस पावसाळे काढले तिथे बंदीचा फलक. तो एवढंच म्हणाला, "आते आम्ही कथा जावानं?" (आता आम्ही जायचं कुठे?) कोणाकडे उत्तर नव्हतं.

पिकं निघाली की हेच शेतकरी मेंढ्या शेतात बसवायला बोलावतात, लेंडीखतासाठी धान्य देतात. म्हणजे जमीन राखण्यात आमचा वाटा आहे हे व्यवहारात मान्य आहे, फक्त आराखड्यात नाही. आणि डोंगर कायमचा बंद ठेवला की कुसळाचं गवत माजतं, चाऱ्याचं पवन्या-मारवेल गवत मागे पडतं, हे माझ्या वडिलांनी मला दाखवलंय. पाळीपाळीने एकेक कोपरा बंद ठेवला तर आम्हीच राखू.

गिरणा_मळा

हे मी विचारात घेतलं नव्हतं. माझा विरोध पूर्ण मागे घेत नाही, पण थोडा बदलतो.

अमेरिकेत शेती आणि चराऊ रानांच्या संवर्धनासाठी सरकार खर्चात वाटा उचलतं. तिथे काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) पातळीवरचे गट प्राधान्य सुचवतात: आधी मातीची धूप की आधी पाणी, आधी रान की आधी शेत. खर्चाचे दर आणि अंतिम निर्णय मात्र वरच्या पातळीवर. साधारण शेतकऱ्याला 75 टक्क्यांपर्यंत मदत, नवख्या आणि गरीब शेतकऱ्याला 90 पर्यंत. हे विभाजन मला मान्य होईल. कुठे आणि आधी काय, ते गावाने सांगावं. कोणाकडून किती घ्यायचं, ते गावाच्या हातात देऊ नका. माणसं एकमेकांची देणेकरी असतात, तिथे टक्का कधीच सरळ लागत नाही.

पांझराकाठ

टक्क्याचं मान्य. मजुरी थेट मजुराच्या खात्यात आणि लोकवाटा वेगळ्या पावतीने, हेही मांडतो. गायरानाचे चार तुकडे करून पाळीने बंद ठेवायचे, असा ठराव लिहून आणतो. चाऱ्याच्या पैशांवर मात्र मागे हटणार नाही.

रावेर_केळी

चार तुकडे राखणार कोण, त्याचं नाव ठरावात लिहा. नाव नसेल तर मी अजूनही विरोधात.

मेंढपाळाचा_मुलगा

आमची पाच घरं नाव द्यायला तयार आहेत. फक्त सभा मृग लागल्यावर घ्या. त्याआधी आम्ही गावात नसतो.