मदत हवी आहे: भुईमुगाच्या रानात सासूबाईंची वाटी हरवली, मेटल डिटेक्टर नुसता बोंबलतोय

बांधावरची

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

आमचं रान सातारा जिल्ह्यात, काळं, ओढ्याकडेला. गेल्या शुक्रवारी भुईमूग उपटताना सासूबाईंचं मंगळसूत्र तुटलं. काळ्या मण्यांची सर, चार सोन्याचे मणी, दोन वाट्या. लक्षात आलं ते संध्याकाळी हातपाय धुताना. दुसऱ्या दिवशी घरच्या सगळ्यांनी बसून माती चाळली. बांधालगतच्या तासात (नांगराच्या ओळीत) ओंजळभर काळे मणी, दोन सोन्याचे मणी आणि एक वाटी सापडली. सासूबाईंनी हातात घेताच सांगितलं, ही सासरची. माहेरची अजून रानातच आहे. त्यांच्या वडिलांनी लग्नात घातलेली, जेमतेम दीड ग्रॅमची, एका बाजूला जरा चेपलेली. त्या काही बोलत नाहीत, पण जेवताना हात गळ्याकडे जातो आणि तसाच खाली येतो.

मी पुण्याहून येताना एका ओळखीच्याकडून डिटेक्टर आणला. गोल थाळीवाला, वर दोन खटके: एक ताकदीचा, एक नको तो धातू गाळायचा. दोन दिवसांची कमाई: खिळे, बैलाच्या खुरांच्या तीन पत्र्या, फाळाचा तुकडा, आणि एक तांब्याचं जाड नाणं. त्यावर बोटाने माती पुसली तर ‘श्री राजा’ एवढं वाचता येतंय. वाटी नाही.

मशीन हलवलं की वाजतं, थांबवलं की वाजतं. शेवटी वैतागून गाळायचा खटका निम्म्यावर नेला, तेव्हा कुठे शांत झालं. हे बरोबर केलं का? आणि नाण्याचं काय करायचं? चुलत सासरे म्हणतात कुणाला सांगू नकोस. इथे आधीच दोघं जण बांधावर उभं राहून ‘हंडा लागला का’ विचारून गेलेत.

दीर म्हणतात वाफसा (पेरणीजोगी ओल) आहे तोवर हरभरा पेरायचा. रविवारी रोटाव्हेटर येणार. म्हणजे माझ्याकडे चार दिवस.

सोल्डरवाला

ताई, तो खटका आधी शून्यावर आणा. घोळ तिथेच आहे. यंत्राला सोनं ‘सोनं’ म्हणून कळत नाही. त्याला कळते ती वस्तूत वीज कशी खेळते ती. छोटी, पातळ सोन्याची वस्तू आणि गोळ्यांच्या पाकिटाचा ॲल्युमिनियमचा कपटा यांचा आवाज जवळपास सारखाच. तुम्ही कचरा गाळलात तेव्हा वाटीही गाळली. आता ज्या पट्ट्यात मशीन गप्प होतं तो सगळा पुन्हा फिरावा लागेल. वाईट वाटतंय सांगायला.

नुसतं बोंबलतं त्याचं कारण जमीन. आपली काळी माती बेसॉल्टची, तिच्यात लोहाचे चुंबकी कण असतात. मशीनला जमीन जुळवायची सोय असेल तर थाळी वितभर वर-खाली करत आवाज स्थिर होईपर्यंत जुळवा. नसेल तर ताकद कमी करा. लोकांना वाटतं ताकद पूर्ण ठेवली की खोलवरचं सापडतं. अशा मातीत उलटं होतं. तुमची वाटी वरच्या चार बोटांतच असणार, खोलीची गरजच नाही.

आणि एक विचारतो, राग मानू नका. हातात बांगड्या आहेत का?

बांधावरची

अगं बाई! हिरव्या काचेच्या आहेत, पण कडेला दोन पाटल्या आहेत. शिवाय खुरपं कमरेला खोचलेलं, मोबाईल खिशात.

सोल्डरवाला

मग थाळीजवळ हात गेला की मशीन तुम्हालाच शोधत होतं. सगळं काढून बांधावर ठेवा. जोडवीही. खुरप्याच्या जागी लाकडी उलथनं घ्या.

मग स्वतःच्या मंगळसूत्राची वाटी दोऱ्याला पक्की बांधा, दोऱ्याचं दुसरं टोक काठीला, आणि चार बोटं मातीत पुरून वरून थाळी फिरवा. तो आवाज कानात बसवा. दोरा विसरू नका, नाहीतर इथे दुसरा धागा काढावा लागेल. काळे मणी काचेचे, ते वाजणार नाहीत.

सुतळी लावून एकेक तास घ्या. थाळी जमिनीला घासेल इतकी खाली, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली.

जुनी खुर्दा

नाण्याबद्दल. ती शिवराई दिसतेय. पुढे ‘शिव’ किंवा ‘सिव’ आणि मागे ‘छत्रपति’ असेल. महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराला ही पाडायला सुरुवात केली, पण शिवराई पेशवाई संपेपर्यंत निघत राहिली, तेव्हा हुरळून जाऊ नका. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा दिसल्या तर ती दुदांडी, बरीच नंतरची. चिंच, राख, लिंबू काहीही लावू नका. साध्या पाण्याने धुवून फडक्यावर वाळवा. वरचा हिरवट थर घासला की नाणं मेलं.

चुलत सासऱ्यांचं ऐकू नका. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर काय, कुठे, कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये, हो, तेव्हाचे तसेच राहिलेत. लपवलं तर वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कळवलं आणि कोणी मालक निघाला नाही तर कायद्यात ज्याला सापडलं त्याचा वाटा ठेवलेला आहे. वाटी मात्र तुमचीच हरवलेली वस्तू, तिचा इथे संबंध नाही.

जवळपास संरक्षित मंदिर किंवा किल्ला असेल तर त्या बाजूला यंत्र घेऊन जाऊच नका. आणि हंडेवाल्यांबरोबर उद्या कोणी लिंबू-नारळवाला आला तर त्याला बांधावरूनच परत पाठवा. गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात शिक्षा आहे.

काळीआई

सगळे जमिनीतच बघताय. मंगळसूत्र तुटलं तेव्हा बाई वेल उपटत होती ना? मग वेल कुठे गेले?

बांधावरची

शेंगा तोडून पाच पोती ओसरीवर. पाला गोठ्यामागे रचलाय. अय्यो, म्हशीला रोज टाकतोय तो!

काळीआई

आज टाकू नका. मशीन आधी पाल्यावर फिरवा. तिथे काळी माती नाही, ओरडणार नाही.

बांधावरची

मंडळी, सापडली!

पाल्यात नाही. पाला सगळा पसरून तपासला, एक तार निघाली (म्हैस वाचली म्हणायची). मग पोती एकेक करून अंगणात आडवी केली. चौथं वाजलं. शेंगा ताटात काढत गेलो तर एका जुळ्या शेंगेबरोबर आलेल्या मुळ्यांत मातीचा गोळा अडकलेला, आणि गोळा फोडला तर आत वाटी. चेपलेली बाजू आधी दिसली. सासूबाईंनी ती पदराने पुसली आणि मला म्हणाल्या, ‘आता आधी तुझ्या पाटल्या घाल, हात कसा दिसतोय.’

नाण्याचं पत्र लिहिलंय, सोमवारी साताऱ्याला जाऊन देणार. पोच घेऊन ठेवते.

सोन्याचे दोन मणी अजून बाकी आहेत, ज्वारीच्या दाण्याएवढे. एवढ्या बारक्याला हे मशीन पकडेल का? रोटाव्हेटर दिरांनी बुधवारपर्यंत पुढे ढकललाय.