पद्मिनी टॅक्सी नेमकी कशामुळे गेली?

ॲपवरच्या गाड्यांनी मुंबईची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे प्रीमियर कंपनीची ती काळी-पिवळी गाडी, संपवली, असे काहीजण म्हणतात. त्या गाड्यांमुळे टॅक्सीवाल्यांच्या धंद्याला फटका बसला हे खरेच, परंतु पद्मिनीचा शेवट त्याआधीच ठरला होता. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातले तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती अधिकृतपणे रस्त्यावरून उतरली.

स्टिअरिंगलगतचा गिअर, पुढचे सलग आसन, टपावरचे कॅरियर (गावी निघालेल्यांच्या ट्रंका आणि वळकट्या त्यावरच दोरीने आवळल्या जात) आणि बाहेर डाव्या बाजूचा, हाताने पाडायचा मीटर हे सारे आता केवळ छायाचित्रांत उरू नये, असे मला मनापासून वाटते. निदान एक गाडी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. ती गाडी चालू स्थितीत, जुन्या मीटरसह आणि दरपत्रकासह ठेवावी. मीटरवरचा आकडा दरपत्रकात शोधून भाडे कसे ठरत असे, हे नव्या पिढीला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळणार नाही.