पार्शल नी रिप्लेसमेंट: सायटेशन जास्त म्हणजे पेपर जास्त भरवशाचा का?

जळगावचा_पीजी
नमस्कार मंडळी, ऑर्थोत पीजी करतोय. सरांनी पार्शल नी म्हणजे अर्ध्या गुडघ्याच्या ऑपरेशनवरच्या सगळ्यात जास्त सायटेशनवाल्या (म्हणजे दुसऱ्या पेपरांनी ज्यांचा संदर्भ दिलाय अशा) पेपरांचं अॅनालिसिस करायला सांगितलंय. यादी काढली तर १९८९ चा कोझिन-स्कॉटचा पेपर पार वरच्या फळीत, आणि तो तर साधा रिव्ह्यू आहे, हे ऑपरेशन कोणाला करावं याचे वय ६० च्या वर, वजन ८२ किलोच्या आत असे निकष देणारा. उलट टॉपकॅट, लॅन्सेट जर्नल २०१९, ५२८ पेशंटची रँडमाइज्ड ट्रायल (पार्शल की टोटल म्हणजे पूर्ण गुडघा, हे चिठ्ठीसारखं ठरवून केलेली तुलना), ती त्याच्या किती खाली. मग प्रभावी कोणाला म्हणायचं?

अमळनेरचे_ग्रंथपाल
भो, जुन्या पेपरला ३०-३५ वर्षं मिळाली ना सायटेशन गोळा करायला, त्यामुळे एकूण आकड्याशेजारी दरवर्षीची सरासरी पण लाव, क्रम लगेच हलतो. स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि गूगल स्कॉलर यांचे आकडे जुळत नाहीत, स्कॉलर तर थीसिसबिसिस पण धरतं, म्हणून डेटाबेस एकच धर आणि सर्चची तारीख लिहून ठेव.

धुळे_ऑर्थो
ग्रंथपाल नाना बरोबर बोलले, पण नुसतं मोजून भागणार नाही भाऊ, सायटेशन कशासाठी झालंय ते उघडून वाच. २०११ मध्ये पंडित वगैरेंनी ऑक्सफर्ड नावाचा पार्शल इम्प्लांट बसवलेले १००० गुडघे तपासले, त्यातले निम्म्याहून जास्त कोझिन-स्कॉटच्या निकषात बसत नव्हते, तरी त्यांचा रिझल्ट वाईट आला नाही. आता हा पेपर १९८९ वाल्याला खोडतो, पण खोडताना त्याचंच नाव घेतो, म्हणजे त्याचं एक सायटेशन वाढलंच! असं किती जणांनी केलं त्याचा वेगळा कॉलम कर, तुझ्या कामात खरा दम तिथेच आहे.
दुसरं, लेखक कोण ते बघ. १९९८ चा मरे-गुडफेलो-ओ'कॉनर, १४३ गुडघे, १० वर्षांनी ९८ टक्के टिकले, पण गुडफेलो-ओ'कॉनर म्हणजे हा ऑक्सफर्ड इम्प्लांट बनवणारेच. म्हणून २००१ चा स्वार्ड-प्राइस महत्त्वाचा वाटतो मला, ऑपरेशनं बनवणाऱ्यांच्या हातची नाही, स्वीडनमध्ये झालेली, १२४ गुडघे, १० वर्षांनी ९५ टक्के टिकले.

शहादेकर
मी डॉक्टर नाही, पण माझ्या मावशीला वजन जास्त म्हणून अर्धा गुडघा बसवता येणार नाही असं सांगितलं होतं, ते या ८२ किलोवरूनच का? ती अजून शेतात जाते, मांडी घालून बसायचंय तिला.

धुळे_ऑर्थो
ताई, न बघता कसं सांगू, पण एकट्या वजनावरून नाही म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. झीज एकाच बाजूची आहे का, आतलं एसीएल लिगामेंट शाबूत आहे का, हे आधी बघावं लागतं. उभं राहून काढलेला एक्स-रे घेऊन दुसऱ्या ऑर्थोला दाखवा. दुसरी बाजू पण सांगतो, २०१४ च्या लॅन्सेटमध्ये इंग्लंड-वेल्सच्या रजिस्ट्रीतल्या लाखभर पेशंटची तुलना आहे, त्यात पार्शलमध्ये मृत्यू आणि कॉम्प्लिकेशन कमी, पण पुन्हा ऑपरेशन करायची वेळ टोटलपेक्षा जास्त वेळा आली. यात हात बसलेला लागतो, म्हणून ते डॉक्टर पार्शल नेहमी करतात का, हे बिनधास्त विचारा.

जळगावचा_पीजी
सर, कॉलम आजच टाकतो. खोडणारे आणि मानणारे वेगळे करायचे तर पेपर पूर्ण वाचावे लागतील, अॅबस्ट्रॅक्टवर नाही भागणार ना?

धुळे_ऑर्थो
नाही भागणार. निदान डिस्कशन तरी वाच.