मदत हवी आहे : मनाली ते लेह सायकलने, जिस्पाच्या पुढचे मुक्काम कसे ठेवावेत?

नमस्कार मंडळी,

मी वाईची, वय ४८, बँकेत नोकरी. दादा साताऱ्याला असतो, तो ५५ चा. सहा वर्षं झाली, दर रविवारी आम्ही दोघं पसरणी घाट चढून पाचगणीला जातो, चहा घेतो आणि उतरतो. यंदा ऑगस्टमध्ये मनाली ते लेह सायकलने जायचं ठरवलंय. रजा २२ दिवसांची मिळाली आहे आणि गणपतीच्या आत घरी पोचायचंच आहे.

काळजी दादाची आहे. तीन वर्षांपूर्वी तो मित्रांबरोबर जीपने लेहला निघाला होता. मनालीहून एका दिवसात थेट सरचू. रात्री तंबूत डोकं फुटेल असं दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, पहाटे उठून चालताना तोल जायला लागला. मित्रांनी त्याच जीपने त्याला उलटं केलाँगला आणलं, तिथे तो माणसात आला. लेह राहून गेलं. हे त्याच्या मनातून गेलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल आमच्या डॉक्टरांना विचारलं. दादाला पूर्वी सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ उठलं होतं, त्यामुळे ते द्यायला तयार नाहीत. मग आमच्या हातात उरतं ते सावकाश चढणं. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा नियम त्यांनी कागदावर लिहून दिलाय.

नकाशावर तो नियम लावून बघितला तर जिस्पापर्यंत सगळं नीट बसतं. मनाली २०५० मीटर, म्हणजे तीच आपल्या कळसूबाईपेक्षा ४०० मीटरने उंच. तिथे दोन रात्री, मग मढी, रोहतांग (३९७८ मीटर) ओलांडून सिस्सू, केलाँग, जिस्पा. रोहतांगनंतर झोपायला पुन्हा ३१००-३२०० वर येतो, ते चांगलंच. पण जिस्पा साधारण ३२०० आणि सरचू जवळजवळ ४३००. बहुतेक सायकलवाल्यांच्या वेळापत्रकात या दोन्हींच्या मध्ये फार तर झिंगझिंगबारचा एक मुक्काम दिसतो. शिवाय सरचूची जागाच अडचणीची आहे. तिथे त्रास झाला तर खाली उतरायलाही आधी चढावं लागतं: मागे बारालाचा खिंड, पुढे गाटा लूप्सची २१ वळणं, मग नकी ला आणि पाच हजारांच्या वरचा लाचुंग ला या दोन खिंडी. तब्येत बिघडलेल्या माणसाला सायकलवर हे कसं जमणार?

म्हणून विचारतेय:

जिस्पा आणि झिंगझिंगबारच्या मध्ये, पात्सिओच्या आसपास रात्री राहायची सोय होते का? आमच्याकडे दोघांचा तंबू आहे, फक्त जेवण मिळालं तरी पुरे.

सरचू ते पांग साधारण ७५-८० किलोमीटर आणि दोन खिंडी. हे एका दिवसात ओढावं, की मध्ये व्हिस्की नाल्याला थांबावं? तो मुक्काम पांगपेक्षाही उंच आहे, म्हणून मन धजत नाही.

माझी सायकल हायब्रीड आहे. पुढच्या चक्रांचे दात ४८/३८/२८, मागच्यांचे ११-३२, टायर ३५ मिमीचे. सामानासकट पसरणी चढते, पण तिथे हवा विरळ नाही. बदल करावा का?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. "काही होत नाही, बिनधास्त जा" असं मात्र सांगू नका, तेच ऐकून दादा गेल्या वेळी गेला होता.

प्रतिसाद १

ताई, रोहतांगवरून जाताय हे उत्तम, रोहतांगखालच्या अटल बोगद्याचा विचारही करू नका. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपल्याचा शरीराला फायदाच होतो. आम्ही पात्सिओला स्वतःचा तंबू लावला होता, जेवण जिस्पाहून बांधून नेलं होतं. ढाब्यांचे तंबू दरवर्षी जागा बदलतात, म्हणून जिस्पाच्या पुढच्या दारचा गावात विचारूनच निघा.

झिंगझिंगबारच्या पुढचे नाले सकाळी लवकर ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, मी पोटरीभर पाण्यातून सायकल खांद्यावर घेऊन गेलोय.

सायकलबद्दल: मागे ३४ किंवा ३६ दातांचं मोठं चक्र बसतं का ते मेकॅनिकला विचारा, पुढे २२ दातांचं बसत असेल तर फारच छान. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, तिथे गिअर पुरेसा हलका नसला की उतरून ढकलावं लागतं. टायर निदान ४० चे घाला. डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) जादा हँगर आणि ब्रेक पॅडच्या दोन जोड्या पुण्याहूनच न्या.

प्रतिसाद २

दादांचा आधीचा अनुभव पाहता मी जिस्पा ते पांग एवढ्या टप्प्यापुरती तरी सोबत गाडी घ्या म्हणेन. केलाँगला ठरवता येते. तोल जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते, तेव्हा थांबून बघायचं नसतं, लगेच खाली न्यायचं असतं. व्हिस्की नाल्याला राहू नका. गाडी असली तर नकी लापर्यंत पेडल मारा, अंगात असेल तर पुढेही, नाहीतर सायकल टपावर टाकून पांग. पांगला लष्कराचा तळ आहे, अडीनडीला आधार असतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. गाडीचं दादाला आत्ताच फोनवर सांगितलं. आधी गप्प बसला, मग म्हणाला, "सायकल टपावर टाकायची वेळ आली तर दोघांच्याही टाकायच्या." मी हो म्हटलंय. जिस्पाला दोन रात्री, पात्सिओ एक, झिंगझिंगबार दोन, मग सरचू, असं आता लिहून काढतेय. केलाँगहून गाडी ठरवलेल्या कुणी साधारण भाडं सांगू शकेल का?