३८ स्पेशल काडतुसं घरी भरताना बंदुकीची दारू कोणती घ्यावी?

प्रश्न:
काडतुसं भरायला नुकतीच सुरुवात करतोय. रिव्हॉल्व्हर ३५७ मॅग्नमचं आहे, पण सध्या त्यात ३८ स्पेशलच वापरणार. शिशाची १५८ ग्रेन वजनाची गोळी, काम फक्त कागदी टार्गेटवर. बुल्सआय, युनिक, एच-११० अशी दारूची नावं ऐकतोय. एकाच डब्यात भागेल का?

उत्तर १:
एकच डबा हवा तर युनिक. मध्यम गतीने जळते, दोन्ही काडतुसांना चालते. मात्र कण पापुद्र्यासारखे, दारू मोजून टाकणाऱ्या मापकातून सारखे पडत नाहीत. दर काही केसेसनंतर (केस म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच) एक माप तोलून बघा.

उत्तर २:
एच-११० आत्ता नकोच. ती मॅग्नमच्या भरगच्च लोडची दारू. काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधल्या किमान मापाखाली गेलात तर नीट पेटत नाही, गोळी नळीतच अडकू शकते. आणि मागचा बार फुसका वाटला, तर पुढचा उडवू नका. आधी रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळी तपासा.

बुल्सआय उत्तम आहे, जराशीच पुरते. धोका तिथेच आहे. ३८ स्पेशल १८९८ सालचं, मुळात जास्त जागा लागणाऱ्या जुन्या काळ्या दारूसाठी बेतलेलं, म्हणून केस ऐसपैस. बुल्सआय तळाशी पडून राहते आणि चुकून दोनदा पडलेलं मापही आत सहज मावतं.

माझ्या हातून हे घडलंय. ५० केसेस भोकं पाडलेल्या ब्लॉकमध्ये उभ्या होत्या, मधेच फोन आला, उठलो. परत बसल्यावर गोळ्या बसवण्याआधी टॉर्च मारला, तर तिसऱ्या रांगेतल्या एका केसमध्ये दारू शेजारणींपेक्षा चांगलीच वर. हातपाय गार पडले. त्या दिवशी सगळ्या केसेस रिकाम्या करून पहिल्यापासून भरल्या. तेव्हापासून गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये डोकावतो, आणि टेबलावर दारूचा एकच डबा ठेवतो. तुम्हीही दारू निवडताना हेच बघा: दुप्पट माप पडलं तर ते डोळ्यांना दिसेल का? युनिक जास्त जागा व्यापते, म्हणून नवख्याला मी तीच सांगेन. माप मात्र छापील मॅन्युअलमधूनच, आणि सुरुवात तळाच्या आकड्यापासून.

प्रश्नकर्ता:
युनिकच घेतो. केस अर्धी रिकामी राहिली तर नेमावर परिणाम होतो का?

उत्तर २:
होतो. दारू गोळीकडे सरकली की वेग कमी येतो, प्राइमरकडे (केसच्या तळाची, दारू पेटवणारी टोपी) असली की जास्त. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर पाच बार नळी आधी खाली झुकवून, पाच आधी वर करून उडवा. फरक आकड्यांतच दिसेल. आणि क्रिंप (केसचं तोंड गोळीभोवती आवळणं) घट्ट करा, नाहीतर धक्क्याने गोळी पुढे सरकून सिलिंडर अडतो.