१२० विद्यार्थ्यांची लिंक्डइन खाती लॅबमध्ये उघडायची आहेत. निर्बंध येऊ नयेत म्हणून काय टाळावे?

प्रश्न : प्लेसमेंट_डेस्क

नमस्कार मंडळी. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ट्रेनिंग-प्लेसमेंट विभागासाठी विचारतो आहे. अंतिम वर्षाचे ९० आणि डिप्लोमाचे ३० असे १२० विद्यार्थी आहेत. शनिवारी ६० संगणकांच्या लॅबमध्ये दोन बॅच बसवायच्या, कॉलेजच्या ईमेलवर खाती उघडायची, एकमेकांना आणि माजी विद्यार्थ्यांना रिक्वेस्ट पाठवायच्या असा बेत आहे. सगळ्यांचे पासवर्ड विभागाच्या एक्सेलमध्ये राहतील, म्हणजे प्रोफाइलमधल्या चुका आम्हीच दुरुस्त करू. शिवाय रिक्वेस्ट आपोआप पाठवणारे आणि माजी विद्यार्थ्यांची यादी उतरवून देणारे एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) कोणीतरी सुचवले आहे. नवी खाती पटापट अडकतात, म्हणजे लिंक्डइन त्यांच्यावर निर्बंध घालते, असे कानावर येते. यात कुठे चुकेल?

उत्तर : राउटर_खालचा

सर, बेताचा हेतू चांगला आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी नेमकी तिथेच पाय टाकते जिथे घसरण आहे.

लॅबपासून सुरुवात करू. ६० संगणक असले तरी बाहेरच्या जगाला ते एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक) आलेले दिसतात. तासाभरात एका पत्त्यावरून साठ नवी खाती, सगळी एकाच डोमेनच्या ईमेलवर, आणि पाठोपाठ एकमेकांना रिक्वेस्ट. बनावट खात्यांची खेप अशीच दिसते. म्हणून लॅबमध्ये फक्त मजकूर तयार करून घ्या : हेडलाइन, अबाउट, प्रोजेक्टची माहिती, फोटो. खाते प्रत्येकाने घरी किंवा होस्टेलवर, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर उघडावे, आणि तेही चार-पाच दिवसांत विखरून. पडताळणीचा ओटीपी स्वतःच्याच नंबरवर घ्यायचा. 'माझं रिचार्ज संपलंय, तुझ्या नंबरवर घेऊ' हे चालू द्यायचे नाही.

कॉलेजचा ईमेल मुख्य ठेवू नका. पास झाल्यावर तो बंद होतो, आणि मग पासवर्ड रिसेटचा दुवा अशा पेटीत जातो जी आता उघडत नाही. खाजगी ईमेल प्रायमरी, कॉलेजचा दुय्यम. हे 'साइन इन अँड सिक्युरिटी'मधल्या 'ईमेल अॅड्रेसेस'मध्ये बदलता येते.

पासवर्डची एक्सेल आजच रद्द करा. खाते दुसऱ्याला वापरायला देणे लिंक्डइनच्या करारातच बसत नाही. त्यातून तुम्ही एका संगणकावरून ओळीने चाळीस खात्यांत शिरलात, तर चाळीसही खाती एकाच दोरीत बांधल्यासारखी होतात. तपासायचे तर सार्वजनिक प्रोफाइलचा दुवा मागवा. तो दुवाही नीट करून घ्या. शेवटी आकड्यांची शेपटी असते ती काढून ३ ते १०० अक्षरांत आपल्याला हवा तो ठेवता येतो. सहा महिन्यांत पाच वेळाच बदलता येतो, तेव्हा गंमत म्हणून खेळायची गोष्ट नाही.

उत्तर : रिक्रूटर_ताई

वरच्या उत्तराशी सहमत. मी नाव आणि रिक्वेस्ट या दोन गोष्टींवर लिहिते, कारण खाती उघडल्यानंतर अडकतात ती इथेच.

नाव. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते : पाटील राहुल संजय. मुले तोच क्रम बघून फर्स्ट नेममध्ये 'पाटील' आणि लास्ट नेममध्ये 'संजय' टाकतात. पुढे कधी ओळख पटवायची वेळ आली की आधारवर राहुल संजय पाटील आणि प्रोफाइलवर भलतेच. फर्स्ट नेम राहुल, लास्ट नेम पाटील, एवढेच. नावाच्या चौकटीत 'इंजि.', सीजीपीए, मोबाइल नंबर, इमोजी, 'ओपन टू वर्क' असले काही नको; ते नियमात बसत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकांसाठी 'अॅडिशनल नेम' ही वेगळी जागा आहे, जुने नाव तिथे लिहावे.

भारतात ओळख-पडताळणी डिजिलॉकरमधून आधारवर होते. सक्ती नाही, पण नव्या खात्याला जरूर करून घ्यावी. अडचण एकच येते : अनेकांच्या आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असतो आणि ओटीपी गावी जातो. वडील फोन उचलतील अशी वेळ आधी ठरवून बसा, नाहीतर मुदत संपते.

रिक्वेस्ट. आठवड्याची मर्यादा साधारण १०० धरतात. लिंक्डइन ठाम आकडा छापत नाही आणि तो खात्यागणिक कमीजास्त होतो. नव्या खात्याने त्याच्या जवळपासही जाऊ नये. पहिला आठवडा दिवसाला पाच, तीही वर्गातल्यांना, जे लगेच स्वीकारतील. मग शिक्षक, मग इंटर्नशिपमधले लोक, मग माजी विद्यार्थी. किती पाठवल्या यापेक्षा किती स्वीकारल्या हे जास्त महत्त्वाचे. समोरच्याने 'इग्नोर' करून 'मी या व्यक्तीला ओळखत नाही' म्हटले आणि असे बऱ्याच जणांनी केले, तर पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टला समोरच्याचा ईमेल टाकावा लागतो. म्हणजे दार जवळजवळ बंदच.

साइन-अप करताना फोनमधले कॉन्टॅक्ट्स जोडायचा पडदा येतो. तिथे 'स्किप'. एक बोट चुकले की दूधवाल्यापासून मावसकाकांपर्यंत सगळ्यांना आमंत्रणे जातात, आणि ती मोजली जातात.

न स्वीकारलेल्या रिक्वेस्ट साचू देऊ नका. 'माय नेटवर्क', 'मॅनेज', 'सेंट' इथे जाऊन महिन्यापूर्वीच्या मागे घ्या. मात्र मागे घेतल्यावर त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही, हे धरून चाला. ज्याला नुसते वाचायचे आहे त्याला 'फॉलो' करा. त्याचा या मर्यादेशी संबंध नाही.

सोबतची चिठ्ठी फुकट खात्याला महिन्याला मोजक्याच जणांना लिहिता येते आणि तीही २०० अक्षरांची. साठ जणांनी एकच मजकूर चिकटवायचा असेल तर न लिहिलेली बरी. मराठीत लिहिणार असाल तर एक बारीक गोष्ट : संगणक काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजतो. 'नमस्कार' आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, तिथे सात भरतात.

प्लेसमेंट_डेस्क

एक्सेल रद्द केली. दोन शंका. डिप्लोमाच्या मुलांपैकी काही पहिल्या वर्षाची आहेत, त्यांना वेगळा नियम आहे का? आणि एक्स्टेन्शनवाला म्हणतो की माहिती सार्वजनिकच आहे, शिवाय टूल 'माणसासारखे थांबून थांबून' काम करते, त्यामुळे धोका नाही.

उत्तर : राउटर_खालचा

वयाची अट १६ पूर्ण. दहावीनंतर थेट डिप्लोमाला आलेल्यांत पंधरा वर्षांची मुले असतात. त्यांचे खाते पुढच्या वर्षी. जन्मसाल वाढवून लिहायचा मोह टाळा, ओळखपत्र मागितले की ते लगेच उघडे पडते.

एक्स्टेन्शनबद्दल. करारात बॉट, स्क्रेपिंग (पानांवरची माहिती सॉफ्टवेअरने उतरवून घेणे) आणि आपोआप क्रिया करणारे सॉफ्टवेअर यांना थेट मनाई आहे, वेग कितीही असो. क्लिकमधले अंतर हे ओळखण्याचे फक्त एक चिन्ह. एक्स्टेन्शन पानात स्वतःची बटणे आणि कोड घुसवते, ते पान चालवणाऱ्याला दिसू शकते. काही टूल तर तुमची लॉगिन कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली लॉगिनची खूण) उचलून आपल्या सर्व्हरवरून खाते चालवतात : मुलगा सांगलीत मोबाइलवर, आणि त्याच मिनिटाला त्याचे खाते परदेशातल्या डेटा सेंटरमध्ये. आत्ता कुठून कुठून लॉगिन आहे ते 'साइन इन अँड सिक्युरिटी'मधल्या 'व्हेअर यू आर साइन्ड इन'मध्ये दिसते. अनोळखी नोंद असेल तर तिथूनच बाहेर काढा, पासवर्ड बदला, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड) चालू करा. फुकटचे व्हीपीएनही (तुमचे ठिकाण दुसरीकडचे दाखवणारे अॅप) याच कारणासाठी काढून टाका.

'सार्वजनिक माहिती' हा युक्तिवाद अमेरिकेत लिंक्डइनवरची माहिती उतरवणाऱ्या हायक्यू या कंपनीने वर्षानुवर्षे लढवला. हायक्यू विरुद्ध लिंक्डइन हा खटला २०१७ मध्ये सुरू झाला; सुरुवातीला हायक्यूच्या बाजूने निकालही लागले. पण २०२२ मध्ये न्यायालयाने हायक्यूकडून कराराचा भंग झाल्याचे म्हटले आणि प्रकरण हायक्यूविरुद्धच्या ५ लाख डॉलरच्या आदेशावर मिटले. आणि कायदा काहीही म्हणो, खाते बंद करायला लिंक्डइनला न्यायालयात जावे लागत नाही.

माजी विद्यार्थी शोधायला टूल कशाला? कॉलेजच्या लिंक्डइन पानावर 'अॅलम्नाय' हा टॅब आहे. शहर, कंपनी, शाखा, पास झाल्याचे वर्ष यांनुसार चाळता येते. त्यासाठी मुलांनी एज्युकेशनमध्ये कॉलेजचे नाव हाताने न टाइपता यादीतून निवडायला हवे. हाताने लिहिले की लोगो येत नाही आणि ते खाते त्या टॅबमध्ये दिसत नाही.

उत्तर : रिक्रूटर_ताई

एक भर. खूप शोध घेतला की 'कमर्शियल यूज लिमिट'ची सूचना येते. हा निर्बंध नव्हे, घाबरून तक्रारी करू नका. फुकट खात्याची शोधाची महिन्याची मर्यादा भरलेली असते. ती १ तारखेला पॅसिफिक (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या) वेळेनुसार मध्यरात्री पुन्हा सुरू होते, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी दीड, उन्हाळ्यात साडेबारा. नावाने शोधणे आणि जॉब्स पानावरचा शोध यात मोजला जात नाही, त्यामुळे प्लेसमेंटचे काम अडत नाही.

आणि मुलांना भाड्याच्या भानगडीबद्दल बजावून ठेवा. 'तुमचे लिंक्डइन महिनाभर द्या, पैसे देतो' असे संदेश विद्यार्थ्यांना येतात. घेणारा त्या खात्यावरून खोट्या नोकऱ्या टाकतो किंवा शेकडो लोकांना गळ घालतो. पण समोर दिसणारे नाव आणि फोटो मुलाचा असतो.

उत्तर : फॉर्म_भरून_थकलेला

सगळे करूनही अडकले तर काय, ते कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात.

आधी लॉगिन करून संदेश पूर्ण वाचा. काही निर्बंधांवर सुटण्याची तारीख-वेळ लिहिलेली असते. तिथे फक्त थांबायचे, आणि एक्स्टेन्शन असेल तर त्या आधीच काढायचे. ओळखपत्र मागितले असेल तर मूळ कार्डाचा फोटो द्या : चारही कोपरे दिसतील असा, फ्लॅश बंद, गडद कापडावर ठेवून. झेरॉक्स किंवा व्हॉट्सअॅपवरून आलेली धूसर प्रत चालवू नका. अडकलेले असताना दुसऱ्या ईमेलवर नवे खाते उघडणे ही सर्वांत महाग चूक. एका माणसाला एकच खाते हा नियम आहे, मग दोन्ही जातात. पहिल्या वर्षी उघडून विसरलेले जुने खाते असेल तर ते आधीच 'मर्ज अकाउंट्स'ने जोडून घ्या. त्यात कनेक्शन्स येतात, रेकमेंडेशन्स येत नाहीत.

'डेटा प्रायव्हसी'मधून 'गेट अ कॉपी ऑफ युवर डेटा' महिन्यातून एकदा काढून ठेवा. कनेक्शन्सची सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी) फाइल थोड्याच वेळात मिळते. खाते अडकल्यावर तिथपर्यंत पोचताच येत नाही.

टेलिग्रामवर 'खाते सोडवून देतो' म्हणणाऱ्यांना ओटीपी किंवा आधार देऊ नका. 'तुमचे खाते बंद होत आहे' असा ईमेल आला तर तळाशी बघा : लिंक्डइनच्या खऱ्या ईमेलच्या तळटीपेत तुमचे नाव आणि तुमची हेडलाइन छापलेली असते. ती नसेल तर दुव्यावर बोट ठेवू नका. असली तरी ईमेलमधून न जाता अॅप उघडूनच पाहा, कारण हेडलाइन सार्वजनिक असते आणि कोणीही उतरवून घेऊ शकतो.