मदत हवी आहे: नवे सैनिक जुन्यांच्या शेजारी राक्षस दिसतायत, तातडीने सांगा

अर्धा_बुरूज:
काल रंगवायच्या छोट्या सैनिकांचा डबा आला, उघडला आणि डोकंच फिरलं. आधीचे माझे साधारण दीडशे रंगवून झालेत, त्यांच्या शेजारी हे नवे उभे केले तर अक्षरशः राक्षस. मान जाड, हात फावड्यासारखे. तसे दिसायला सुंदर आहेत, चेहरे तर जुन्यांपेक्षा कितीतरी चांगले, पण एका रांगेत चालत नाहीत. परत घेत नाहीत म्हणे, डबा उघडला ना. तीन आठवडे राहिलेत. शिवाय जुन्यातल्या काहींचा रंग पण सुटायला लागलाय, ते वेगळंच. दोन्ही मिसळायचे तर काय करू? प्लीज लवकर सांगा, तीन आठवडे म्हणजे काही नाही.

रंगारी_बहात्तर:
कुठल्या स्केलचे? कुठल्या मटेरियलचे? तीन आठवडे कशाला? फोटो कुठाय?

चिमटा:
+१. 'जुने' आणि 'नवे' हे काय स्केल नव्हे भाऊ.

अर्धा_बुरूज:
जुने एकास बहात्तर, नवे २८ मिमी. डब्यावर स्वच्छ लिहिलंय. मी हिशोब करूनच मागवले होते, सहा फुटी माणूस भागिले ७२ म्हणजे २५ मिमी होतो, तर म्हटलं तीन मिमीचा फरक, तेवढा कोण बघतंय. फोटो अपलोड होत नाहीये.

रंगारी_बहात्तर:
तिथेच गंडलात. ७२ हे स्केल आहे, २८ मिमी हे स्केल नाही, माप आहे, आणि ते माप कुठपर्यंत घ्यायचं यावर आजवर कुणाचं एकमत झालेलं नाही. बरेच जण पायाच्या तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजतात. वर कपाळ आणि डोकं राहिलंच, म्हणजे माणूस ३० मिमीच्या आसपास जातो. आणि तुम्ही सहा फूट धरलेत, त्या काळचा शिपाई कुठला सहा फुटी? साडेपाच फूट धरा. ७२ मध्ये तो २३ मिमी होतो. आता २३ च्या शेजारी ३० ठेवा. तुमच्या साडेपाच फुटी शिपायाशेजारी सात फुटी पैलवान उभा राहिला. तीन मिमी नव्हे, सात.
आणि ही झाली फक्त उंची. जाडी पण त्याच प्रमाणात वाढते, म्हणजे घनफळ दुपटीच्या वर. त्यात २८ वाले मुद्दाम डोकं, हात, बंदूक जाड घडवतात, टेबलावर दोन फुटांवरून दिसावं म्हणून. त्याला हिरोइक म्हणतात. पेरी कंपनीचे त्यातल्या त्यात सडपातळ असतात, पण सडपातळ सात फुटी म्हणजे सात फुटीच.

चिमटा:
पण बहात्तरवाले तरी कुठे खरे बहात्तर असतात? एअरफिक्सचे जुने डबे आठवा, त्यावर एचओ ओओ असं दोन्ही लिहिलेलं असायचं. एचओ म्हणजे ८७, ओओ म्हणजे ७६. एकाच डब्यावर दोन स्केल! मग पुढे तेच सैनिक बहात्तरच्या डब्यात. माझ्याकडे चार कंपन्यांचे 'बहात्तर' आहेत, ओळीत उभे केले की शाळेची प्रार्थना वाटते.

जुना_शिक्का:
या सगळ्या फंदात पडूच नये. ५४ मिमी घ्यावेत. ब्रिटन्स कंपनीने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाचे शिशाचे सैनिक काढले तेव्हापासून ५४ हेच माप टिकलंय, खेळण्यातल्या आगगाडीच्या एक नंबर गेजशी जुळतं, हातात वजन लागतं, चेहऱ्यावरचा भाव दिसतो. बहात्तरच्या सैनिकाचा चेहरा म्हणजे भाताचं शीत. त्याला डोळे काढत बसायचं हा डोळ्यांवरचा अत्याचार आहे.

रंगारी_बहात्तर:
काका, त्यांना दीडशेच्या वर माणसं उभी करायचीयत. ५४ मध्ये दिवाणखाना रिकामा करावा लागेल आणि मग घरही विकावं लागेल.

जुना_शिक्का:
मग कमी माणसं उभी करावीत. दहा चांगले की दीडशे ठोकळे?

मिसळीतली_तर्री:
हे वाचून दिवाळीचा किल्ला आठवला :) आमच्याकडे महाराज बुरुजापेक्षा उंच, मावळे महाराजांच्या गुडघ्याएवढे, पहारेकरी दारात मावत नाही म्हणून दाराबाहेर, आणि खाली शेतात बैलगाडीशेजारी प्लास्टिकची जेसीबी. कुणी म्हणून स्केल विचारलं नाही.

चिमटा:
महाराज मोठेच हवेत, त्याला स्केल लागत नाही. पण कुंभारवाड्यातल्या मातीच्या मावळ्यांची मजा हीच की दोन मावळे कधी सारखे नसायचे. आता साच्यातले प्लास्टरचे येतात, सगळे एकाच दिशेला बघतात.

मिसळीतली_तर्री:
आणि तोफेवाला नेहमी कमी पडायचा. मग भाजीवालीला तोफेमागे बसवायचं.

रंगारी_बहात्तर:
धागा परत आणतो. धागाकर्ते, लढाई कुठली, बाजू कुठल्या, आणि तीन आठवड्यांनी काय आहे? हे कळल्याशिवाय मदत होणार नाही.

अर्धा_बुरूज:
असई, शिंद्यांचे मराठे विरुद्ध इंग्रज. अजून कुठली असणार? मी जालन्याचा आहे. २३ सप्टेंबरला, लढाईच्याच तारखेला, गावातल्या वाचनालयात ठेवायचंय. जुने सगळे वॉटर्लूच्या डब्यातले इंग्रज. नवे मराठ्यांसाठी घेतलेत, म्हणजे डबा दुसऱ्याच कुठल्यातरी लढाईचा आहे, पण गोलंदाज चांगले होते म्हणून घेतले. मराठ्यांचा डबा कुठे मिळतो ते सांगा बरं.

चिमटा:
घ्या. हे आधी सांगायला काय झालं होतं?

गोल_टोपी:
वॉटर्लूचे इंग्रज असईला??? वॉटर्लू १८१५, असई १८०३. त्या डब्यातल्यांच्या डोक्यावर बेल्जिक शाको आहे ना, पुढून उंच, मागून बुटकी? ती टोपी १८१२ ला आली. असईत ती कुणाच्याही डोक्यावर असणं शक्य नाही. १८०० पासूनची नळकांड्यासारखी सरळ टोपी चालेल, आणि हिंदुस्थानात तर बऱ्याच जणांनी गोल काठाची हॅट घातलेली असायची. स्केल राहू द्या, आधी टोप्या बदला.

अर्धा_बुरूज:
दीडशे टोप्या??

गोल_टोपी:
पुढचा उंच भाग ब्लेडने तासायचा, कागदाची गोल चकती लावायची, झाली हॅट. ७८ व्या पलटणीसाठी स्कॉटिश हायलँडरांचा डबा चालेल, घागरा आणि पिसांची टोपी. बाकीच्यांना पर्याय नाही.

रंगारी_बहात्तर:
साहेब, २३ मिमीच्या माणसाची टोपी तीन मिमी असते. वाचनालयात पेपर वाचायला आलेले आजोबा तीन मिमीवरून १८१२ ओळखणार आहेत का?

गोल_टोपी:
मी ओळखीन.

चिमटा:
तुम्ही जालन्याला जाणार आहात का पण?

गोल_टोपी:
तत्त्वाचा प्रश्न आहे. असईला सात फुटी गोलंदाज नको म्हणता आणि नऊ वर्षं पुढची टोपी चालवता, हे कुठलं गणित?

एम_सीलवाला:
मराठ्यांचा डबा शोधत बसू नका. शिंद्यांच्या कवायती पलटणी, म्हणजे द बॉइन्य या युरोपियन अधिकाऱ्याने उभ्या केलेल्या आणि असईत पोलमनच्या हाताखाली लढलेल्या, त्या युरोपियन पद्धतीनेच कवायत करायच्या, लाल डगले, बंदुकीवर संगीन. पोलमन स्वतः हॅनोव्हरचा. म्हणजे युरोपियन अंग चालतं, फक्त डोकं बदलायचं. टोपी छाटायची, एम-सीलची बारीक वळी करून पागोटं गुंडाळायचं. हाताला पाणी लावून करा नाहीतर बोटालाच पागोटं येतं. एका वेळी दहाच माणसांपुरतं मळा, भराभर कडक होतं. माझे एका रविवारी चाळीस झाले.

मिसळीतली_तर्री:
एका रविवारी चाळीस पागोटी. घरचे काही बोलत नाहीत?

एम_सीलवाला:
घरचे त्या दिवशी माहेरी होते.

रंगारी_बहात्तर:
रंग सुटण्याबद्दल. जुने मऊ प्लॅस्टिकचे असतील, भाला वाकवला तर परत सरळ होतो ते. ते पॉलिथिन. त्याला रंग धरत नाही, सुपरग्लूही धरत नाही. आता जे सुटलेत त्यांचा रंग काढा, भांड्याच्या साबणाने घासा, साच्याचं तेल राहिलेलं असतं. मग फेविकॉल पाण्यात पातळ करून एक हात, सुकला की ॲक्रिलिक, वरून वार्निश. नवे कडक असतील तर ते पॉलिस्टायरीन, त्यांना हे काही लागत नाही.

जुना_शिक्का:
फेविकॉलने बारकावे बुजतात. स्प्रे प्रायमर मारावा.

रंगारी_बहात्तर:
मऊ प्लॅस्टिकवर स्प्रे मारला आणि संगीन वाकली की पापुद्रा निघतो, काका. काहींवर चिकटच राहतो, महिनाभर वाळत नाही. फेविकॉल वाळला की सैनिकाबरोबर वाकतो. पातळ केला तर बारकावे बुजत नाहीत, आणि बुजले तरी तुमच्याच शब्दांत, भाताचं शीत आहे ते.

जुना_शिक्का:
शिशाला असले प्रश्न येत नाहीत.

सासूबाईंचं_कपाट:
शिशाचा विषय निघाला म्हणून सांगते. आमच्याकडे सासऱ्यांचे जुने शिपाई होते, लाकडी पेटीत बंद. उघडले तर पायांवर पांढरी भुकटी. बुरशी समजून मी ओल्या फडक्याने पुसले, ती चूक. तो शिशाचा गंज असतो, लाकडातून आंबूस वाफ येते त्याने होतो, ओकच्या लाकडाने तर फारच. बंद पेटीत, कापसात, लाकडात ठेवू नयेत, हवा खेळती हवी. आणि ती भुकटी विषारी, हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा.

अर्धा_बुरूज:
ताई, माझ्याकडे शिशाचं एकही नाही.

सासूबाईंचं_कपाट:
नसू दे, पुढे घेतलेत तर.

देखावेवाला:
उशिरा वाचतोय. मी गणपतीचे देखावे करतो, सैनिकांतलं फार कळत नाही. पण दोन मापांचं आम्ही दरवर्षी करतो. मोठे पुढे, लहान मागे. बघणाऱ्याला वाटतं मागचे लांब आहेत. फक्त तीन पथ्यं पाळा. मोठा आणि लहान कधीही शेजारी नकोत. मधे काहीतरी आडवं हवं, नदी, बांध, धूर, काहीही, म्हणजे डोळा दोन मापं जोडत नाही. आणि मागची जमीन थोडी चढती आणि रंगाने फिकी. तुमच्या असईत पुढे काय होतं?

अर्धा_बुरूज:
अरे वा. मराठ्यांच्या तोफा पुढे घेतो. मोठे गोलंदाज पुढे, समोरून इंग्रजांची लहान रांग चालून येतेय. बघणारा मराठ्यांच्या बाजूने बघेल. मला तेच हवं होतं.

चिमटा:
हे भारी आहे. असईत गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठून त्यांच्याच पाठीवर तोफा फिरवल्या. दोनतीन आडवे दाखवा, एकाचं डोकं किंचित वर.

देखावेवाला:
एक राहिलं. बघणारे एकाच बाजूने बघणार ना?

अर्धा_बुरूज:
नाही, टेबल हॉलच्या मधे आहे, चारी बाजूंनी. सांगितलं नव्हतं का?

रंगारी_बहात्तर:
नाही.

चिमटा:
नाही.

देखावेवाला:
मग नाही चालणार. मागून आलेल्याला पुढे बुटके आणि लांब राक्षस दिसतील. टेबल भिंतीला लावा, नाहीतर तीन बाजूंनी पुठ्ठा उभा करा आणि आतून आकाश रंगवा. आणि कडा बंद करा, मुलं कडेने डोकं घालतात.

गोल_टोपी:
नदी दाखवणार असाल तर इंग्रजांच्या डाव्या बाजूला दाखवा. ते कैलना ओलांडून आले होते, लढाई कैलना आणि जुई यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात झाली. मराठे आणि इंग्रज यांच्या मधे नदी घातलीत तर टोपीपेक्षा मोठी चूक होईल.

देखावेवाला:
मग मधे धूर. कापूस पिंजून थोडा करडा करा. तोफांचा धूर आहे, कुणी हरकत घेणार नाही.

अर्धा_बुरूज:
अपडेट देतो. वाचनालयाच्या सरांशी बोललो, टेबल भिंतीला लावू देतायत, पण त्याच्यावरचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा मीच हलवायचा. काल घरी जेवणाच्या टेबलावर करून बघितलं. सोळा मोठे पुढे, दीडेक फुटावर लहान दोन रांगा, मधे कापूस. बायको म्हणाली लांबून येतायत वाटतं. तिला दोन मापं आहेत हे कळलंच नाही, मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. फक्त घोडा फसला. मोठ्या डब्यात एक घोडेस्वार अधिकारी होता, त्याला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली करून मागे ठेवला तर हत्तीएवढा घोडा.

चिमटा:
वेलस्लीला लहानच घोडा द्या. त्याचा डायोमेड घोडा असईत भाल्याने जखमी झाला होता, तोच दाखवा. मोठा घोडा पोलमनला द्या, पुढे येईल.

एम_सीलवाला:
पागोटी झाली का?

अर्धा_बुरूज:
अकरा. बारावं बोटाला आलं.

गोल_टोपी:
आणि टोप्या?

अर्धा_बुरूज:
टोप्या तशाच आहेत. धुराच्या मागे आहेत. कुणी विचारलंच तर तुमच्याकडे पाठवतो.